वाचकांचे प्रश्न : देवाजवळ क्षमा मागताना

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो : पाप, पश्चात्ताप आणि क्षमा. त्यांतली काही पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे दिली आहेत. पत्रे कॅथलिक वाचकांची आहेत तशी प्रॉटेस्टंट वाचकांचीही आहेत. शिकवण जिथे वेगळी आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. पत्रे वाचताना एक जाणवले. चूक झाली हे बहुतेकांना मान्य आहे, पण देवाने क्षमा केली हे मान्य करताना त्यांचे पाऊल अडते. म्हणून त्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : रोज रात्री झोपण्यापूर्वी मी "प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर" एवढं म्हणतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय. पण आपण देवाशी काही बोललो असं वाटतच नाही. क्षमा मागायची काही पद्धत असते का?

उत्तर : तुमची प्रार्थना चुकीची नाही, फार मोघम आहे. "सगळी पापे" म्हटले की एकही पाप डोळ्यांसमोर येत नाही, आणि जे समोर आले नाही त्याबद्दल वाईट तरी कसे वाटणार?

लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकात दिवसाची झडती घेण्याची पद्धत घालून दिली. ती आजही तितकीच उपयोगी आहे आणि कोणत्याही पंथाच्या माणसाला करता येते. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आधी दिवसभरात मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानायचे. मग आपले पाप आपल्याला दिसावे म्हणून त्याच्याकडे प्रकाश मागायचा. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांखालून घालायचा. जे सापडेल त्याची क्षमा मागायची. शेवटी उद्यासाठी एक निश्चय करायचा. हा क्रम बदलू नका. आभार सोडून थेट चुका शोधायला बसणारा माणूस पाचव्या मिनिटाला स्वतःलाच कोसत असतो, आणि देव बाजूला राहतो.

दिवस पाहताना काय बोललो आणि काय केले एवढेच पाहून थांबू नका. करायला हवे होते आणि केले नाही, तेही पाहा. अँग्लिकन मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातल्या सामुदायिक कबुलीत या न केलेल्या गोष्टींचा उल्लेख आधी येतो, केलेल्यांचा नंतर. भल्या माणसांची पापे बहुधा याच रकान्यात सापडतात.

आता प्रत्यक्ष शब्द. "प्रभू, माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर माफ कर" या वाक्यातल्या "असेल तर" मधून सगळी कबुली गळून जाते. त्याऐवजी असे म्हणून पाहा : "प्रभू, दुपारी बहिणीचा फोन आला तेव्हा घरी असूनही मी बाहेरगावी आहे असं सांगितलं. तिला पैशांची अडचण आहे हे मला माहीत होतं. मला द्यायचे नव्हते आणि तसं तोंडावर सांगायची हिंमतही नव्हती. मी खोटं बोललो, आणि ते हात आखडता घेण्यासाठी बोललो. मला क्षमा कर. उद्या सकाळी मी तिला फोन करीन." काय केले, काय माहीत असताना केले, कशापोटी केले आणि त्याला नाव काय, हे सगळे त्यात आले. सबब एकही नाही. अर्ध्या मिनिटाची प्रार्थना, पण ती खरी आहे.

तीन ठिकाणी ही प्रार्थना बिघडते. पहिले म्हणजे "पण" : "मी रागावलो, पण तिनंच आधी…" हा "पण" आला की कबुलीची तक्रार होते. दुसरे, अतिशयोक्ती. "माझ्याइतका नीच कोणी नाही" हे नम्रतेचे वाटते, पण त्या मोठ्या शब्दांआड दुपारचा तो फोन लपून जातो. तिसरे, सौदा : "क्षमा केलीस तर इतके उपास करीन." उपास जरूर करा. क्षमेची किंमत म्हणून करू नका. ती किंमत क्रुसावर चुकती झाली आहे, असेच तर आपण मानतो.

प्रश्न : मी मनापासून क्षमा मागितली. रडले. तरी आत काहीच बदललं नाही. देवाने क्षमा केली हे ओळखायचं कसं?

उत्तर : भावनेवरून ओळखायचे नाही. हे वाचून आधी निराशा होईल, पण यातच मोठा आधार आहे.

योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) म्हटले आहे की आपण आपली पापे पदरी घेतली, तर देव विश्वसनीय व न्यायी असल्यामुळे क्षमा करतो. क्षमेचे कारण म्हणून तिथे आपल्या अश्रूंचा उल्लेख नाही. ते कारण देवाच्या स्वभावात आहे. "दयाळू" म्हटले असते तर समजले असते; "न्यायी" कसे? कारण ख्रिस्ताने ते पाप स्वतःवर घेतले. ज्याची भरपाई झाली ते देणे पुन्हा मागणे न्यायाचे होणार नाही. म्हणजे तुमची क्षमा तुमच्या पश्चात्तापाच्या खोलीवर टेकलेली नाही. तशी असती तर कोणालाही कधीच खात्री देता आली नसती, कारण आणखी थोडे खोल रडायला नेहमीच जागा असते.

दावीद राजाची गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात अकराव्या आणि बाराव्या अध्यायांत आहे. बथशेबेशी व्यभिचार केला, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे घालून मारवले. नाथान संदेष्टा तोंडावर सांगतो तेव्हा दावीद म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. आणि नाथान त्याच क्षणी उत्तर देतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे. मध्ये किती दिवस शोक केला, किती रडला, काही नाही. कबुली आणि क्षमा एकाच वचनात, बाराव्या अध्यायाच्या तेराव्यात, लागून येतात. एकावन्नावे स्तोत्र त्याच प्रसंगाशी जोडलेले आहे. तिथे हुंदके आहेत, पण नाथानाने त्या हुंदक्यांची वाट पाहिली नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५) पुन्हा एकदा सावकाश वाचा. वाट्याचा पैसा दूर देशात उधळून बसलेला मुलगा बापाला काय सांगायचे ते ठरवतो. त्यात तीन गोष्टी आहेत : मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यापुढे पाप केले, तुमचा मुलगा म्हणवायला मी लायक नाही, मला एखाद्या मजुरासारखे ठेवा. बाप धावत येऊन गळ्यात पडतो तेव्हा पहिल्या दोन गोष्टी तो बोलतो. तिसरी बोलणे होतच नाही. बाप त्याआधीच नोकरांना अंगरखा, अंगठी आणि जोडे आणायला सांगत असतो. तुमच्या मनातले "आत काहीच बदललं नाही" हे बहुधा त्या तिसऱ्या गोष्टीवर अडून बसले आहे. मुलगी म्हणून घरात यायचे धाडस होत नाही. मजूर म्हणून दाराशी उभे राहणे सोपे वाटते.

दुःख दोन तऱ्हेचे असते, हे पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (७:१०) सांगतो : एक देवाकडे वळवते, दुसरे नुसते पोखरते. येशूचे दोन शिष्य, त्याला धरून देणारा यहूदा आणि त्याला नाकारणारा पेत्र, शेजारी ठेवून पाहा. यहूदाला पस्तावा झाला. त्याने "मी पाप केले" अशी कबुली दिली, तीस रुपये परतही केले (मत्तय २७). कबुली आणि भरपाई दोन्ही झाली. पण तो गेला मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणाले, त्याचे आम्हांला काय? ज्याला धरून दिले त्या येशूकडे तो गेला नाही. पेत्र येशूला ओळखत नाही असे तीनदा सांगून ढसाढसा रडला आणि बाकीच्या शिष्यांत टिकून राहिला. पुढे सरोवराच्या काठी प्रभूने त्याला तीनदाच विचारले, माझ्यावर प्रेम करतोस का? पस्तावा दोघांचाही खरा होता. फरक पडला तो कोणाकडे गेले यात.

करायचे काय? कबुलीनंतर लगेच उठू नका. १ योहान १:९ किंवा स्तोत्र १०३ मधले आठ ते बारा ही वचने मोठ्याने वाचा, कानांना ऐकू येतील अशी. मग "प्रभू, तू क्षमा केलीस, तुझे आभार" असे म्हणा. "केलीस" म्हणा, "करशील" नको. तेच पाप मनात पुन्हा वर आले तर पुन्हा क्षमा मागू नका. पुन्हा आभार माना. मन शांत व्हायला कधी दिवस लागतात, कधी महिने. क्षमा त्या शांतीसाठी थांबलेली नसते.

प्रश्न : तेच पाप, तीच कबुली, पुन्हा तेच पाप. आता मागायलाही लाज वाटते. देव कितीदा क्षमा करणार?

उत्तर : दिवसातून सातदा येऊन "मला पश्चात्ताप झाला" म्हणणाऱ्या भावाला सातही वेळा क्षमा करा, असे प्रभूने शिष्यांना सांगितले (लूक १७:४). आपल्याला एवढे सांगणारा स्वतः कमी करील असे कसे होईल? लाज वाटते म्हणून दोन आठवडे प्रार्थनाच न करणे, हे बहुतेकदा मूळ पापापेक्षा जास्त नुकसान करते. पडल्याबरोबर, त्याच तासाला, मागा.

पण क्षमेचा प्रश्न सुटला तरी सवयीचा सुटत नाही, आणि तिथे नुसती प्रार्थना करून थांबणारे पुन्हा पुन्हा घसरतात. पडलेल्या क्षणाच्या मागे जाऊन पाहा : वेळ कोणती होती, जागा कोणती, एकटे होतात का, थकलेले किंवा चिडलेले होतात का, आणि त्याआधी कोणत्या छोट्या पायरीला "एवढ्याने काय होतं" म्हणालात. तीन-चार वेळा कागदावर लिहिलेत की नमुना दिसू लागतो. निश्चय त्या छोट्या पायरीवर करायचा. "पुन्हा कधीच रागावणार नाही" हा निश्चय संध्याकाळपर्यंत टिकत नाही. "रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत" हा टिकतो. त्याच्या जोडीला एका विश्वासू माणसाला सांगा, आणि त्याने दर आठवड्याला विचारावे असे ठरवा. याकोब (५:१६) एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगतो ते बरे होण्यासाठी. पाप अंधारात वाढते. दुसऱ्याच्या कानावर गेले की त्याची निम्मी ताकद जाते.

दारू, जुगार किंवा दुसरे व्यसन असेल तर उपचार घ्या. व्यसनमुक्तीसाठी डॉक्टरकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. खऱ्या पश्चात्तापात तेही येते.

प्रश्न : मी कॅथलिक आहे. पंधरा वर्षांत कन्फेशनला गेलेलो नाही. शब्दही आठवत नाहीत. फादर काय म्हणतील याची धास्ती वाटते.

उत्तर : कन्फेशन म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देऊन क्षमा मिळवण्याचा संस्कार. त्यासाठी पंधरा वर्षांनी आलेला माणूस पाहून धर्मगुरूला आनंद होतो. आणि तुम्ही सांगाल ते त्याने पूर्वी ऐकलेले नसेल असे क्वचितच घडते.

मिस्सेआधीच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेआधीच्या, रांगेत उभे राहू नका. मागची माणसे खोळंबतात आणि तुमची घाई होते. धर्मगुरूला आधी सांगून अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या. हवे तर दुसऱ्या धर्मग्रामात जा, तुम्हाला तेवढी मोकळीक आहे. जाळीआडून सांगायचे की समोर बसून, हेही तुम्हीच ठरवू शकता.

तयारी घरी करा. दहा आज्ञा समोर ठेवून एकेक आज्ञेखाली आठवेल ते लिहा. गंभीर पापे सांगणे आवश्यक आहे. पाप गंभीर केव्हा? बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पूर्ण माहीत हवे, आणि तरीही स्वखुशीने केलेले हवे. तिन्ही हव्यात. हलकी पापे सांगणे चांगले, पण बंधनकारक नाही. गंभीर पापाचा प्रकार आणि अंदाजे संख्या सांगायची. पंधरा वर्षांचा नेमका आकडा कोणीच देऊ शकत नाही. "साधारण महिन्यातून एकदा, सहा-सात वर्षं" हे पुरेसे आहे.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा. मग म्हणा, "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. मागच्या कन्फेशनला पंधरा वर्षं झाली. शब्द आठवत नाहीत, मला मदत करा." पुढचे ते सांभाळून घेतात. सगळ्यात अवघड पाप पहिल्यांदा सांगा. शेवटी ठेवले तर बाकीचे सांगताना मन त्याच्याभोवतीच घुटमळते, आणि ऐनवेळी ते गिळले जाते. बायकोची, भावाची, वरिष्ठांची पापे सांगत बसू नका. पार्श्वभूमी एका वाक्याची पुरे. मग ते थोडा उपदेश करतील आणि प्रायश्चित्त सांगतील : एखादी प्रार्थना, वाचन किंवा दयेचे काम. जमणार नसेल तर तिथेच सांगा, ते बदलून देतात. तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता. पाठ नसेल तर आपल्या शब्दांत तीन वाक्ये चालतात : मला वाईट वाटते, पुन्हा न करण्याचा निश्चय आहे, प्रभू दया कर. मग धर्मगुरू हात पुढे करून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पापक्षमेचे शब्द उच्चारतात. तुम्ही "आमेन" म्हणा. प्रायश्चित्त त्याच दिवशी उरका. चालढकल केली की विसरते.

एखादे पाप सांगायचे खरोखर विसरलात तर त्याचीही क्षमा झाली. पुढच्या वेळी उल्लेख करा. मुद्दाम लपवलेत तर मात्र तो संस्कार निष्फळ ठरतो. गुप्ततेबद्दल निर्धास्त राहा. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मसंहितेचे ९८३ वे कलम ही गुप्तता अभंग ठरवते, आणि ती सरळ मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. पुढे तुमच्या देखत त्या विषयाचा सूचक उल्लेखही तो करू शकत नाही.

पश्चात्ताप पुरेसा शुद्ध आहे का, अशी शंका येईल. देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप पूर्ण. शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने झालेला अपूर्ण. या संस्कारासाठी अपूर्णही चालतो, हे कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५५१ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे तुमची धास्तीसुद्धा बरोबर घेऊन या.

प्रश्न : आम्ही प्रॉटेस्टंट. थेट देवाजवळ कबुली दिली की झालं ना? पाळकांना कशाला सांगायचं?

उत्तर : थेट दिलेली कबुली पुरते. देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे, ही तुमच्या परंपरेची शिकवण ठाम आहे. योहान २०:२३ मधला, पापांची क्षमा करण्याचा अधिकार कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या धर्मगुरूकडे सोपवलेला मानतात. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तो सुवार्ता घोषित करण्याचा अधिकार समजतात.

तरी एक गोष्ट विसरली जाते. प्रॉटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणाऱ्या लूथरने खाजगी कबुली मोडीत काढली नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचे, म्हणजे लूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याचे, अकरावे कलम म्हणते की खाजगी क्षमावचन मंडळीत राखावे, फक्त प्रत्येक पापाची यादी देण्याची सक्ती नको. त्याचा हेतू क्षमेचा दिलासा हा आहे. देवाजवळ दहादा मागूनही मन सुटत नसेल, तर दुसऱ्या विश्वासणाऱ्याच्या तोंडून "ख्रिस्तामुळे तुझ्या पापांची क्षमा झाली आहे" हे ऐकणे वेगळेच काम करते. मात्र पाळक निवडताना जपा. कॅथलिक धर्मगुरूसारखे कडक बंधन सगळीकडे नसते, म्हणून आधीच विचारा : "हे तुमच्यापाशीच राहील ना?" उत्तर गुळमुळीत आले तर विषय तिथेच सोडा.

प्रश्न : भागीदारीच्या धंद्यात मी काही वर्षं हिशेबात फेरफार करून पैसे काढले. आता विश्वासात आलो आहे. देवाने क्षमा केली. मग पैसे परत करायलाच हवेत का?

उत्तर : होय. क्षमेने देवाशी नाते जुळले. भागीदाराचे पैसे अजून तुमच्याकडेच आहेत.

मोशेच्या नियमशास्त्राचा हिशेब सोपा आहे : घेतले ते पूर्ण, अधिक पाचवा हिस्सा, आणि ज्याचे त्याला (लेवीय ६, गणना ५). शंभर घेतले असतील तर एकशेवीस. जक्कय हा जकातदार (लूक १९) त्याच्याही पुढे जाऊन चौपट म्हणाला, पण ध्यानात घ्या, येशू त्याच्या घरी उतरणार हे आधी ठरले, चौपटीचे बोलणे नंतर झाले. परतफेड क्षमेमागून येते, तिला विकत घेत नाही.

आधी आकडा काढा, जुन्या वह्यांवरून, वर्षवार. शंका असेल तिथे रक्कम जास्त धरा. एकरकमी जमत नसेल तर हप्ते लिहून द्या. भागीदार हयात नसेल तर वारसांना. गणनेच्या पाचव्या अध्यायानुसार वारसही नसेल तर ते देवाकडे जाते, म्हणजे आज गरिबांच्या कामी. नाव न सांगता परत करण्याची मुभा कॅथलिक नीतिशास्त्र देते, धर्मगुरूमार्फतही. मात्र तुमच्या चोरीचा आळ दुसऱ्या कोणावर, समजा कारकुनावर, आला असेल तर गुप्त राहता येणार नाही. त्याचे नाव धुऊन काढणे हाही परतफेडीचाच भाग आहे. कायदेशीर परिणाम संभवत असतील तर वकिलाचा सल्ला आधी घ्या, पण तो सल्ला पैसे न देण्याची वाट काढण्यासाठी नको.

बोलताना थोडक्यात बोला : "अमुक वर्षांत मी तुला न सांगता इतके पैसे काढले. ही चोरी होती. ही रक्कम, हे हप्ते. तुला राग येईल, तो रास्त आहे." पुढे गप्प राहा. "देवाने मला क्षमा केली आहे" हे वाक्य त्या बैठकीत उच्चारू नका. समोरच्याच्या जखमेवर ते मीठ होते. तो क्षमा करील किंवा करणार नाही, ते त्याच्यावर सोडा.

प्रश्न : माझ्या मनात पवित्र आत्म्याबद्दल घाणेरडे विचार येतात. त्या पापाला क्षमा नाही असं वाचलं. दिवसातून वीसवीसदा क्षमा मागते, तरी भीती जात नाही.

उत्तर : ते पाप तुमच्याकडून झालेले नाही. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात प्रसंग स्पष्ट आहे : येशूची कामे डोळ्यांनी पाहूनही शास्त्री म्हणाले की याला भूत लागले आहे. देवाच्या कामाला जाणूनबुजून सैतानाचे ठरवणे आणि त्यावरच अडून राहणे, हे ते पाप. संत ऑगस्टीन यांनी त्याचा अर्थ अखेरपर्यंत पश्चात्ताप नाकारणे असा केला. ज्याला ते पाप घडल्याची भीती वाटते आणि जो क्षमा मागतो, तो त्याच्या नेमके उलट करतो आहे. नको असताना मनात घुसलेला विचार पापही नव्हे. त्याला तुमची संमती नाही.

विचार, भीती, क्षमायाचना, पळभर सुटका, पुन्हा विचार : हे चक्र ओसीडी या मानसिक आजाराचे असू शकते (त्यात नको असलेले विचार छळतात आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते), आणि तो धार्मिक रूपातही येतो. यात प्रत्येक क्षमायाचना भीतीला खतपाणी घालते. म्हणून उलटे करा. विचार आला तर येऊ द्या, उत्तर देऊ नका, क्षमा मागू नका, हातातले काम चालू ठेवा. भीती चढेल आणि ओसरेलही. क्षमेची प्रार्थना दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी. एकच धर्मगुरू किंवा पाळक ठेवा आणि त्याने "हे झाले" म्हटले की विषय बंद. संत अल्फोन्सस लिगोरी यांना स्वतःला या शंकाकुलतेने छळले होते, आणि अशा माणसांना ते हाच आज्ञापालनाचा मार्ग सांगत. यासोबत मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा; या आजारावर वर्तनोपचार आणि औषधे दोन्ही उपलब्ध आहेत.

प्रश्न : ज्याने माझं आयुष्य उद्ध्वस्त केलं त्याला मी क्षमा करू शकत नाही. मग प्रभूच्या प्रार्थनेप्रमाणे देव मलाही क्षमा करणार नाही का?

उत्तर : तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर देवही तुम्हांला करणार नाही, हे मत्तय ६:१४-१५ मधले वचन कडक आहे, ते सौम्य करून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण ते काय मागते आणि काय मागत नाही, हे नीट पाहू.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात राजाने एका चाकराचे देणे माफ केले; ते दहा हजार तालांतांचे होते. एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा, आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. ज्या सोबत्याला त्या चाकराने मात्र सोडले नाही, त्याने त्याचे द्यायचे होते शंभर दीनार. ही रक्कमही लहान नाही, शंभर दिवसांची कमाई आहे. तुमचे नुकसान खरे आहे, हे प्रभू नाकारत नाही.

क्षमा म्हणजे सूड आपल्या हातून काढून देवाच्या हाती देणे. विसरणे ही त्याची अट नाही. विश्वास पुन्हा ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तो समोरच्याने मिळवायचा असतो. मारहाण किंवा अत्याचार झाला असेल तर पोलिसांत तक्रार करणे, दूर राहणे, साक्ष देणे हे सगळे क्षमा केल्यावरही करता येते, आणि पुष्कळदा करायलाच हवे. "क्षमा कर, तक्रार मागे घे" असा दबाव कोणी, अगदी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आणला, तरी जुमानू नका.

आज "क्षमा केली" म्हणता येत नसेल तर "प्रभू, मला करता येत नाही, करावीशी वाटावी एवढं तरी दे" एवढेच म्हणा. एवढे म्हणणारा माणूस दार लावून बसलेला नसतो.

प्रश्न : मुलांना देवाची क्षमा मागायला कोणत्या वयात आणि कशी शिकवावी?

उत्तर : कॅथलिक मंडळीत पहिले कन्फेशन साधारण सातव्या वर्षी, बरेवाईट समजू लागल्यावर असते. घरी त्याआधीच सुरुवात करा. रात्रीच्या प्रार्थनेत आधी आईवडिलांनी आपली एखादी छोटी चूक मुलाच्या देखत देवापुढे मांडावी, मग मुलाला विचारावे. काय सांगायचे ते सुचवू नका. "देव शिक्षा करील" अशी धमकी देऊ नका. ती मनात बसली की पुढे मोठेपणी काढणे फार जड जाते. मुलाने सांगितले की "देवाने क्षमा केली, आम्हीही केली" असे मोठ्याने म्हणा. ज्या भावंडाचे खेळणे मोडले असेल त्याला दुसऱ्या दिवशी ते जोडून द्यायला मदत करा. आणि प्रार्थनेत मुलाने सांगितलेली गोष्ट नंतर पाहुण्यांसमोर किंवा पुढच्या भांडणात कधीही बाहेर काढू नका.